दोन आकड्यांची कथा : १२०२ आणि ५४

शासकीय कामकाजात आपला संबंध तीन प्रकारच्या बिघाडांशी येतो. पहिला प्रकार कायमस्वरूपी बिघाडाचा. पूल खचला, पंप बंद पडला, संगणक सुरूच होत नाही. असा बिघाड सर्वांना दिसतो, त्यावर बैठक होते, निधी मिळतो आणि यथावकाश दुरुस्तीही होते. दुसरा प्रकार एकदाच घडणाऱ्या अपघाताचा. त्यावर चौकशी समिती नेमली जाते आणि तिचा अहवाल कपाटात का होईना, जागा मिळवतो. तिसरा प्रकार मात्र या दोहोंपेक्षा वेगळा आणि माझ्या मते सर्वांत घातक आहे. तो म्हणजे अधूनमधून येणारा इशारा. तो आज येतो, उद्या येत नाही. वरिष्ठांना दाखवायला जावे तर नेमका तेव्हा येत नाही. तंत्रज्ञ तपासायला आला की यंत्र शहाण्या मुलासारखे वागते. काही दिवसांनी त्या इशाऱ्याची सवय होते आणि सवय झाली की तो इशारा राहात नाही, कार्यालयातील भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरसारखा तो नजरेआड होतो.

अशा इशाऱ्याला एखाद्या संस्थेने कसे सामोरे जावे, या प्रश्नाचे उत्तर प्रशासनाच्या पाठ्यपुस्तकांत मला फारसे सापडले नाही. ते सापडले संगणकाच्या इतिहासात. माणसाने कळफलकावर आज्ञा टंकायची आणि यंत्राने पडद्यावर आकड्यांत उत्तर द्यायचे, असा संवाद साधणाऱ्या दोन यंत्रांच्या या कथा आहेत. दोन्ही यंत्रांनी ऐन मोक्याच्या क्षणी एक गूढ आकडा दाखवला. एका ठिकाणी तो आकडा होता १२०२ आणि दुसऱ्या ठिकाणी ५४. पहिल्या ठिकाणी माणसे चंद्रावर सुखरूप उतरली. दुसऱ्या ठिकाणी उपचारासाठी आलेली माणसे प्राणास मुकली. हा फरक का पडला, हे समजून घेणे आपल्यासारख्या कारभारी मंडळींना उपयोगाचे आहे.

पहिली कथा : १२०२

२० जुलै १९६९. अपोलो ११ मोहिमेतील अवतरण यान नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांना घेऊन चंद्राच्या पृष्ठभागाकडे उतरत होते. या यानातील संगणकाची स्मृती आजच्या साध्या मोबाइलच्या तुलनेत नगण्य होती. कायमस्वरूपी स्मृतीत सुमारे छत्तीस हजार शब्द आणि खोडून पुन्हा लिहिता येण्याजोग्या स्मृतीत केवळ २,०४८ शब्द, एवढाच त्याचा संसार. त्याच्याशी बोलण्याची पद्धत मात्र मोठी सुबक होती. अंतराळवीर आधी एक दोन अंकी 'क्रियापद' टंकायचा आणि मग एक दोन अंकी 'नाम'. काय करायचे ते क्रियापद सांगे, कशाच्या बाबतीत करायचे ते नाम सांगे. उदाहरणार्थ, क्रियापद १६ आणि नाम ६८ अशी आज्ञा दिली की उतरण्यासंबंधीची काही माहिती पडद्यावर सतत दिसत राही. व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे ऐकून गंमत वाटेल, परंतु चंद्रावर उतरण्याचा संवाद क्रियापद आणि नाम यांच्याच आधारे झाला.

इंजिन सुरू होऊन पाचेक मिनिटे झाली असताना धोक्याचा दिवा लागला आणि पडद्यावर आकडा आला : १२०२. दोघाही अंतराळवीरांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांनी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाकडे विचारणा केली. उत्तर काही सेकंदांत देणे भाग होते, कारण यान प्रत्येक सेकंदाला खाली येत होते. मार्गदर्शन प्रणालीची जबाबदारी स्टीव्ह बेल्स या २६ वर्षांच्या अधिकाऱ्यावर होती आणि त्याच्या मदतीला मागच्या खोलीत जॅक गार्मन हा २४ वर्षांचा अभियंता बसला होता. गार्मनने तत्काळ सांगितले, की हा इशारा वारंवार सलग येत नसेल आणि यानाची दिशा व वेग ठीक असेल, तर उतरणे चालू ठेवता येईल. बेल्सने तसा निर्णय दिला आणि तो यानापर्यंत पोहोचला. त्यानंतर तो इशारा पुन्हा आला. एकूण चार वेळा १२०२ आणि एकदा १२०१. प्रत्येक वेळी निर्णय तोच राहिला आणि यान उतरले.

लोकप्रिय वर्णनांत हा प्रसंग धैर्याची कथा म्हणून सांगितला जातो. धैर्य होतेच, परंतु मला त्यात त्याहून महत्त्वाची वाटते ती पूर्वतयारी. उड्डाणापूर्वीच्या सरावात प्रशिक्षकांनी असाच एक इशारा मुद्दाम घातला होता. त्या वेळी बेल्सने गोंधळून उतरणे रद्द करण्याचा निर्णय दिला. सराव संपल्यावर प्रशिक्षकांनी दाखवून दिले, की तो निर्णय अनावश्यक होता. यान उतरू शकले असते. उड्डाण संचालक जीन क्रान्झ यांनी यावर कोणालाही दोषी ठरवत बसण्याऐवजी एक काम नेमून दिले : संगणक जे जे इशारे देऊ शकतो, त्या प्रत्येकाचा अर्थ शोधा आणि तो आल्यास काय करायचे ते आधीच ठरवून ठेवा. गार्मनने त्या सर्वांची हस्तलिखित यादी केली आणि ती आपल्या टेबलावर नजरेसमोर ठेवली. चंद्राच्या वाटेवर त्या काही सेकंदांत जे उत्तर मिळाले, ते खरे तर त्या कागदाने दिले.

आता त्या आकड्याचा अर्थ पाहू. संगणकाला एकाच वेळी अनेक कामे करावी लागत. प्रत्येक कामासाठी स्मृतीत एक छोटी जागा राखून ठेवलेली असे; आपल्या भाषेत एक पाटी म्हणा. काम संपले की पाटी कोरी होई आणि पुढच्या कामाला मिळे. १२०२ याचा अर्थ 'नवे काम आले आहे, पण कोरी पाटी उरलेली नाही'. म्हणजे जुनी कामे वेळेत संपत नव्हती. असे का झाले? यानात दुसऱ्या कामासाठीचे, म्हणजे परतीच्या वेळी मातृयान शोधण्याचे, एक रडार होते. त्याचा स्विच अशा स्थितीत होता, की रडारच्या कोनमापकाला मिळणारा विद्युतपुरवठा संगणकाच्या पुरवठ्यापेक्षा वेगळ्या ठिकाणाहून येत होता. दोन्ही पुरवठे ८०० हर्ट्झचेच, वारंवारता अगदी बरोबर जुळलेली. परंतु त्यांची लय एकाच क्षणी सुरू होत नव्हती. दोन माणसे एकाच वेगाने चालत आहेत पण एकाचा डावा पाय पुढे असताना दुसऱ्याचा उजवा पुढे आहे, तसे काहीसे. त्यामुळे स्थिर असलेले रडार हलत आहे असा भास होऊन संगणकाकडे सेकंदाला हजारो निरर्थक स्पंदने येऊ लागली. ती मोजण्यातच त्याचा सुमारे १५ टक्क्यांपर्यंत वेळ खर्ची पडू लागला.

हा इशारा अधूनमधूनच का येत होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. एक तर दोन पुरवठ्यांच्या लयीतील अंतर किती राहील, हे यंत्रणा कोणत्या क्षणी सुरू झाली यावर, म्हणजे निव्वळ योगायोगावर अवलंबून होते. म्हणूनच जमिनीवरील बहुतेक चाचण्यांत ते दिसले नाही. दुसरे म्हणजे, ओझे असूनही संगणक तोल सांभाळून होता. त्यावर आणखी थोडे काम पडले की तो कोलमडे. हे थोडे काम कोणते, ते खुद्द ऑल्ड्रिनने उडत्या यानात ओळखले. क्रियापद १६ आणि नाम ६८ ही आज्ञा दिलेली असतानाच इशारा येतो असे दिसते, असे त्याने कळवले. ह्यूस्टनने ते निरीक्षण लगेच स्वीकारले आणि ती माहिती आम्ही इथून पाहू, असे सांगितले. वापरणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेऊन त्याच्या शिरावरचे ओझे वरच्या कार्यालयाने स्वतःकडे घेतले, अशी उदाहरणे प्रशासनात किती सापडतील?

आणि तरीही संगणक बंद का पडला नाही? कारण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हाल लॅनिंग यांनी त्याच्या कार्यवाहीची रचनाच अग्रक्रमावर केली होती. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखालील चमूने उड्डाणाची आज्ञावली सिद्ध केली होती. ओझे असह्य झाले की संगणक सर्व पाट्या पुसून टाके आणि केवळ अत्यावश्यक कामे, म्हणजे इंजिन आणि दिशा सांभाळणे, जिथे थांबली होती तिथून पुन्हा सुरू करी. कमी महत्त्वाची कामे सोडून दिली जात. म्हणजे १२०२ हा इशारा 'मी हरलो' असे म्हणत नव्हता. 'काम जास्त झाले आहे, मी महत्त्वाचे तेवढे करीत आहे', असे तो सांगत होता.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन विद्युतपुरवठ्यांची वारंवारता जुळलेली असावी, असे संबंधित विभागांमधील लेखी करारात नमूद होते. लयही एकाच क्षणी सुरू व्हावी, हे लिहायचे राहून गेले होते. आधीच्या एका यानाच्या चाचणीत अशी निरर्थक स्पंदने एका अभियंत्याच्या दृष्टीसही पडली होती. म्हणजे त्या संस्थेतही एका खात्याला जे ठाऊक होते ते दुसऱ्यापर्यंत पोहोचले नव्हते. ती संस्था चुका न करणारी नव्हती. चूक होईल असे गृहीत धरून तिने तयारी केली होती, एवढाच फरक. पण हा 'एवढाच' फार मोठा आहे.

दुसरी कथा : ५४

कॅनडा सरकारच्या मालकीच्या 'ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड' या कंपनीने कर्करोगावरील किरणोपचारासाठी थेरॅक-२५ नावाचे यंत्र बनवले. १९८२ च्या अखेरीस ते विक्रीस आले. अमेरिकेत पाच आणि कॅनडात सहा अशी अकरा यंत्रे बसवली गेली. आधीच्या थेरॅक-२० या यंत्रात चुकीच्या स्थितीत किरण सुटू नयेत म्हणून स्वतंत्र यांत्रिक आणि विद्युत अडसर होते. नव्या यंत्रात त्यांपैकी अनेक काढून टाकले गेले आणि सुरक्षेची जबाबदारी संगणकाच्या आज्ञावलीवर सोपवली गेली. ही आज्ञावली मुख्यतः एकाच व्यक्तीने काही वर्षांत लिहिली होती आणि तिचा काही भाग जुन्या यंत्रांतून घेतला होता.

ऑपरेटर शेजारच्या खोलीत टर्मिनलसमोर बसून रुग्णाची माहिती आणि किरणांचा प्रकार टंकीत असे. काही गडबड झाली तर पडद्यावर 'मालफंक्शन' हा शब्द आणि १ ते ६४ यांपैकी एक आकडा दिसे. त्या आकड्याचा अर्थ ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये समजावून दिलेला नव्हता. गडबड गंभीर असेल तर यंत्र पूर्ण थांबे आणि सर्व पुन्हा सुरू करावे लागे. किरकोळ असेल तर ते नुसते 'विराम' घेई आणि ऑपरेटरने 'पी' हे अक्षर दाबले की पुढे चालू लागे. असे पाच वेळा करता येत असे. हे विराम इतके नित्याचे होते, की एका रुग्णालयात काही दिवशी किरणमात्रेसंबंधीचे सरासरी ४० इशारे येत, असे एका कर्मचाऱ्याने पुढे सांगितले. चाळीस वेळा 'पी' दाबणाऱ्या बोटाला एकेचाळिसाव्या वेळी थांबण्याचे कारण कोणते असणार?

२१ मार्च १९८६ रोजी टेक्सासमधील टायलर येथे एका अनुभवी ऑपरेटरने किरणांचा प्रकार टंकताना इलेक्ट्रॉनऐवजी क्ष-किरणांचे अक्षर दाबले. चूक लगेच लक्षात आली. तिने कर्सर वर नेऊन अक्षर दुरुस्त केले, बाकीच्या नोंदी भराभर मान्य केल्या आणि किरण सुरू केले. पडद्यावर आले : मालफंक्शन ५४. यंत्र विरामात गेले. २०२ एकके द्यायची होती, त्यांपैकी केवळ ६ दिली गेली, असे पडदा सांगत होता. तिने रोजच्या सवयीने 'पी' दाबले. त्या दिवशी उपचारकक्षातील कॅमेरा आणि ध्वनियंत्रणा चालू नव्हती. आत काय होत आहे हे तिला कळण्याचा मार्ग नव्हता. आतील रुग्णाला १८० रॅडची मात्रा अपेक्षित होती. नंतरच्या अनुमानानुसार त्याला एका छोट्या जागी क्षणार्धात १६,५०० ते २५,००० रॅड मिळाले होते. पाच महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला.

कंपनीचे अभियंते आले. त्यांना तो इशारा पुन्हा काढून दाखवता आला नाही. कदाचित विजेचा धक्का बसला असावा, असे सुचवण्यात आले. त्याचीही तपासणी झाली, काही सापडले नाही. अशा अपघाताची दुसरी कोणतीही घटना आम्हाला ज्ञात नाही, असे रुग्णालयाला सांगण्यात आले. वस्तुस्थिती अशी होती, की त्याआधी जॉर्जिया, ओंटारिओ आणि वॉशिंग्टन राज्यात तीन रुग्णांना जादा मात्रा मिळाल्या होत्या आणि त्यांबाबत कंपनीकडे विचारणाही झाली होती. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झाले. चारच दिवसांनी, ११ एप्रिलला, त्याच ऑपरेटरसमोर तोच आकडा पुन्हा आला. हा दुसरा रुग्ण तीन आठवड्यांत दगावला.

यानंतर जे घडले ते तपासकार्याचा आदर्श म्हणून शिकवले पाहिजे. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने यंत्र बंद केले आणि त्या ऑपरेटरला बरोबर घेऊन तो टर्मिनलसमोर बसला. त्या दिवशी काय काय आणि कोणत्या क्रमाने टंकले, हे ती आठवून पुन्हा पुन्हा करू लागली. बऱ्याच प्रयत्नांनी त्यांना ५४ हा आकडा हवा तेव्हा काढता येऊ लागला. गुपित होते वेगात. दुरुस्ती सावकाश केली तर काहीच होत नसे. सरावलेल्या हातांनी भराभर केली तरच बिघाड होई. कारण असे, की पहिली नोंद पूर्ण होताच यंत्र आपले चुंबक जुळवू लागे आणि त्याला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, पण आज्ञावलीच्या ज्या भागाला ती कळायला हवी त्याला कळतच नसे. पडद्यावर नवी नोंद आणि यंत्राच्या पोटात अर्धी जुनी, अशी स्थिती होई. कंपनीच्या अभियंत्यांना हा बिघाड दिसला नाही, याचे कारण ते त्या ऑपरेटरइतके जलद टंकीत नव्हते. जी व्यक्ती आपल्या कामात जितकी तरबेज, तिला तो धोका तितका अधिक!

आणि त्या ५४ चा अर्थ काय होता? कंपनीच्या म्हणण्यानुसार, दिलेली मात्रा एक तर फार जास्त आहे किंवा फार कमी आहे. दोन परस्परविरुद्ध गोष्टींना एकच आकडा, आणि त्यातली कोणती हे सांगण्याची सोय नाही.

कंपनीने पहिला उपाय म्हणून काय कळवावे? कर्सर वर नेण्याच्या कळीचे टोपण काढून टाका आणि तिचे संपर्क चिकटपट्टीने बंद करा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २ मे १९८६ रोजी यंत्र सदोष ठरवले आणि हा उपाय अपुरा असल्याचे कंपनीला सांगितले. तरीही यंत्रे चालू राहिली. जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यात आणखी एक रुग्ण जादा मात्रेला बळी पडला. या वेळी दोष निराळाच निघाला. यंत्राची स्थिती तपासायची की नाही हे ज्या खुणेवर ठरत असे, ती खूण २५५ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येई. म्हणजे दर २५६ व्या वेळी क्षणभर तपासणीच वगळली जाई. नेमक्या त्या क्षणी ऑपरेटरने कळ दाबली तरच अपघात. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात असे सहा अपघात झाल्याची नोंद आहे.

याच कथेतील एक तपशील मला विशेष बोलका वाटतो. जलद दुरुस्तीचा दोष जुन्या थेरॅक-२० च्या आज्ञावलीतही होता. शिकागो येथे विद्यार्थ्यांची नवी तुकडी त्या यंत्रावर हात चालवू लागली की त्याचे फ्यूज उडत, कधी कधी आठवड्यातून तीन वेळा. दोष तोच; पण तिथे स्वतंत्र अडसर शाबूत होते, म्हणून फ्यूज गेला, माणूस गेला नाही. नव्या यंत्राच्या रचनाकारांनी अडसर अनावश्यक मानले, कारण जुन्या यंत्रात अपघात झाले नव्हते. ते का झाले नव्हते, हे कोणी विचारले नाही.

फरक कोठे पडला?

दोन्ही कथा समोरासमोर ठेवल्या, की काही गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली, आकड्याचा अर्थ. १२०२ चा अर्थ निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर लिहिलेला होता. ५४ चा अर्थ तो वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक नव्हता. अर्थ न सांगता दिलेला इशारा ही केवळ जबाबदारी झटकण्याची सोय असते.

दुसरी, इशाऱ्यांची संख्या. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि दोष त्या पोराला देतो. परंतु जे यंत्र दिवसातून चाळीस वेळा लांडगा आल्याचे सांगते, तेथे दोष गावकऱ्यांचा कसा मानावा? किरकोळ आणि गंभीर यांची सरमिसळ करणारी व्यवस्था स्वतःच आपल्या इशाऱ्याचे मोल घालवते.

तिसरी, किंमत कोण मोजतो हा प्रश्न. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने मला तो टाळता येत नाही. यंत्र थांबवले तर त्याचा भुर्दंड ऑपरेटरला पडत होता : बाहेर रुग्णांची रांग, वरिष्ठांची विचारणा, वाया गेलेला दिवस. न थांबवल्याची किंमत मात्र आतल्या रुग्णाला मोजावी लागत होती आणि ती त्या क्षणी दिसत नव्हती. जिथे थांबण्याचा खर्च एकाला आणि चालू ठेवण्याचा धोका दुसऱ्याला, तिथे नियमपुस्तकात काहीही लिहिले तरी बोट 'पी' कडेच जाणार.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, माहितीचा मार्ग. ह्यूस्टनमध्ये सर्व माहिती एका कक्षात एकत्र येत होती आणि तेथून लगेच सर्वांपर्यंत परत जात होती. थेरॅकच्या बाबतीत माहिती कंपनीकडे गोळा होत होती, पण परत जात नव्हती. प्रत्येक रुग्णालय आपण एकटेच आहोत असे समजत राहिले. हेच पुढे ब्रिटनच्या टपाल खात्यात घडले. तेथील 'होरायझन' या संगणक प्रणालीत अधूनमधून न जुळणाऱ्या रकमा दिसत. 'अशी अडचण फक्त तुम्हालाच येते', असे अनेक उपडाकपालांना सांगण्यात आले आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर वा खोट्या हिशेबांसाठी दोषी ठरवण्यात आले. २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचे मान्य केले आणि २०२४ मध्ये दोषसिद्धी सरसकट रद्द करणारा कायदा संसदेला करावा लागला. त्या माणसांची गेलेली वर्षे मात्र कोणताही कायदा परत देऊ शकत नाही.

आपल्याकडेही हे चित्र अपरिचित नाही. एका जिल्ह्यातून तक्रार येते, 'अन्यत्र अशी तक्रार नाही' असे उत्तर जाते. दुसऱ्या जिल्ह्यातून येते, तेच उत्तर जाते. माझ्या सेवाकाळात एका कार्यालयात लेख्यांच्या संगणकावर महिन्यातून पाचसहा वेळा 'बेरीज जुळत नाही' असा इशारा येई आणि पुन्हा आज्ञा दिली की नाहीसा होई. 'साहेब, ते येतच असतं, एंटर दाबायचं,' असे मला सांगण्यात आले. पुरवठादाराच्या माणसाला तो कधीच दिसला नाही. तेथील एका लेखा लिपिक बाईंनी मात्र कोणाच्याही सांगण्यावाचून एक वही घातली होती : तारीख, वेळ, कोण बसले होते, त्याआधी काय टंकले आणि शेजारच्या टर्मिनलवर काय चालले होते. तीन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्यावर दिसले, की दोन जणांनी एकच खाते एकाच वेळी उघडले असेल तरच इशारा येतो. ज्यावर तज्ज्ञांच्या दोन भेटी झाल्या होत्या, ते कोडे शंभर पानी वहीने सोडवले. इशारा लहरी नव्हता. त्याची अट आम्हाला माहीत नव्हती, इतकेच.

म्हणूनच संगणकावर चालणारी कोणतीही नवी योजना हाताळताना मी काही गोष्टींचा आग्रह धरतो. प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ सोप्या भाषेत आणि तो पाहणाऱ्याच्या हाताशी असावा. कोणता इशारा आल्यावर थांबायचे आणि थांबण्याचा अधिकार कोणाला, हे आधी ठरलेले असावे; थांबणाऱ्याला त्याबद्दल जाब द्यावा लागू नये. प्रत्येक अनाकलनीय घटनेची नोंद वहीत व्हावी आणि सर्व ठिकाणच्या नोंदी एकत्र करून सर्वांना परत कळवल्या जाव्यात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम शासनाने आपणहून माहिती प्रकट करावी असे सांगते. सदोष प्रणालींच्या बाबतीत या तत्त्वाचे पालन सर्वांत आधी आपापसांत झाले पाहिजे. आणि शेवटी, संगणक आला म्हणून जुना अडसर काढण्यापूर्वी, त्या अडसराने आजवर काय काय थोपवून धरले होते, हे तपासावे. हाताने होणारी एखादी पडताळणी, दुसऱ्या माणसाची सही, कागदावरचा ताळा हे कालबाह्य वाटतात. कधी कधी ते असतातही. पण ते ठरवण्यापूर्वी शिकागोचे उडालेले फ्यूज मोजावेत.

'पुन्हा करून दाखवा, मग पाहू', हे वाक्य आपल्या कार्यालयांत फार सहजपणे उच्चारले जाते. टायलरच्या त्या ऑपरेटरने आणि भौतिकशास्त्रज्ञाने ते करून दाखवले, पण तोवर दोन माणसांना प्राणघातक मात्रा मिळून गेली होती. जे काम करणाऱ्याच्या तोंडून आपल्यापर्यंत येते, ते आपल्या डोळ्यांना दिसेपर्यंत खोटे मानायचे, की खरे मानून शोधायला लागायचे, हा निवडीचा प्रश्न आहे. तो तंत्रज्ञानाचा नसून कारभाराचा आहे आणि त्याचे उत्तर संगणकाकडे नाही.